परमँगनेटला इंडिकेटर लागत नाही

"अहो, हात नका लावू त्याला! काच आहे आत."

वडापची शेअर रिक्षा आष्टा स्टँडवरून सुटता सुटता एक तरुण आत शिरला आणि त्याने बॅग थेट माझ्या मांडीवरच्या खोक्यावर टेकवायला घेतली. सांगलीहून एसटीने आलेल्या बारा नव्या ब्युरेट, मापाच्या काचनळ्या, होत्या त्यात. मी खोकं कवटाळून धरलं. तो ओशाळला, बॅग स्वतःच्या पायाशी ठेवली, आणि पुढच्या खड्ड्याला मात्र खोक्याखाली हळूच हात धरला.

"इतकं नाजूक काय आहे?"

"बारावीची प्रॅक्टिकल आहेत आज. मी कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. त्यात साताऱ्याहून एक्स्टर्नल परीक्षक येणार..."

"एक्स्टर्नल वाईट असतात का हो?"

"वाईट नसतात. रुबाबात असतात. मागच्या वर्षीच्यांनी दिवसभर चहात साखर कमी आहे एवढंच तपासलं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. उसाच्या ट्रॉल्या, उन्हात वाळत घातलेली हळद... पण त्याचे खांदे हसत होते, ते मला दिसत होतं.

कॉलेजच्या फाटकाशी मी उतरले. तोही उतरला.

"मला साखर नेहमीचीच चालेल," तो म्हणाला. "मी मल्हार. साताऱ्याहून आलोय."

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना... तसंच झालं!

तोंड लपवायला मला लॅबमध्ये भरपूर कामं होती, हे नशीब. ब्युरेट धुऊन स्टँडला लावल्या, तोट्यांना ग्रीस लावलं, पंचवीस टेबलांवर पिपेट आणि फ्लास्क मांडले. जांभळं परमँगनेट आणि पाण्यासारखं दिसणारं ऑक्झॅलिक ॲसिड मी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. तीन वर्षं करतेय, वजनं तोंडपाठ. कराराची नोकरी, मार्च आला की पुन्हा सही. म्हणून कधी काही चुकू द्यायचं नाही, हा माझा हट्ट.

परीक्षा सुरू झाली. गरम फ्लास्क हलवत, थेंब थेंब परमँगनेट सोडत पोरं फिकट गुलाबी रंगाची वाट बघत होती. मल्हारसर टेबलाटेबलापाशी जात होते. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही... म्हणजे, मी बघत असताना तरी नाही.

तेवढ्यात सातव्या टेबलावर आमचे तानाजीसर ओरडले, "चौदा मिली? सगळ्यांचं दहा येतंय, तुझंच चौदा कसं? काय केलंस काय?"

टेबलावर पिंकी होती. बारावीतली सगळ्यात गप्प पोरगी. डोळे भरून आलेले. "सर, तीनदा केलं. तीनदा चौदाच आलं."

"मग तीनदा चुकलीस."

मला राहवेना. कोपऱ्यातल्या बेसिनजवळ मी पोरांचंच टायट्रेशन स्वतः करून बघितलं. दहा गेले, अकरा, बारा... रंग टिकेना. गुलाबी छटा टिकली ती बरोबर चौदावर.

मी रसायनांच्या कपाटाकडे धावले. कपाट उघडलं. ऑक्झॅलिक ॲसिडची जुनी बाटली संपली होती, म्हणून काल नवी फोडली होती. पांढरी पावडर तीच. पण लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं – निर्जल. यात पाण्याचा अंश नव्हता. वजन कमी घ्यायला हवं होतं, मी नेहमीचंच घेतलं. द्रावण जास्त तीव्र झालं होतं, म्हणून परमँगनेट जास्त लागत होतं.

आणि बाकीच्या चोवीस जणांचं दहा? सरावात दहा यायचं, म्हणून त्यांनी दहा लिहिलं होतं.

कुणालाच कळलं नसतं. बाटली आत ढकलायची, कपाट लावायचं. एका पोरीचे मार्क गेले असते. मार्चमधली माझी सही पक्की झाली असती.

मी बाटली हातात घेऊन सरळ मधल्या टेबलापाशी गेले. घाबरले की माझी शहरी भाषा पळून जाते.

"सर, पोरीचं बरोबर हाय. चूक माझी हाय. द्रावणच चुकलंय."

तानाजीसर माझ्याकडे बघतच राहिले. मल्हारसरांनी लेबल वाचलं, पिंकीच्या टेबलाशी जाऊन स्वतः रीडिंग घेतलं. चौदा.

"ब्युरेट खाली ठेवा सगळ्यांनी," ते म्हणाले. "नवीन द्रावण होईल, सगळे पुन्हा रीडिंग घेतील, वेळ वाढवून मिळेल. या मुलीचं आधीचं रीडिंग बरोबर धरलं जाईल." मग माझ्याकडे वळून हळूच, "किती वेळ लागंल?"

लागंल! ही तर आमच्याकडचीच बोली. मी चमकून वर बघितलं.

"वीस मिनिटं," मी म्हटलं. "फ्लास्क धुवायचं हायती."

"मी धुतो की."

आणि खरंच, बाह्या दुमडून एक्स्टर्नल बेसिनपाशी उभे राहिले. मी तराजूवर वजन करत होते, ते फ्लास्क विसळत होते.

"गाव कुठलं?" त्यांनी नळाच्या आवाजाआड विचारलं.

"दिघंची."

"व्हय? मी म्हसवडचा. आमची मेंढरं तुमच्याच माळावर यायची की!"

"म्हणजे आमचं गवत तुमीच संपवलं."

ते हसले. मीही हसले... चूक अंगावर असताना.

संध्याकाळी कागदांवर सह्या झाल्या, तेव्हा मी विचारलं, "रिपोर्टात लिहिणार?"

"लिहावं लागेल." त्यांनी नजर चुकवली नाही. "चूक लिहिणार. तुम्ही ती स्वतःहून सांगितली, तेही लिहिणार."

"लिहा," मी म्हटलं. राग येत नव्हता. खोटं लिहितो म्हणाले असते, तर कदाचित आला असता.

फाटकापाशी ते थांबले. "मार्क बोर्डाकडे जाईपर्यंत मी काही बोलणार नाही. नंतर... फोन केला तर चालेल?"

"कशाला?"

"इंडिकेटरबद्दल विचारायचं होतं."

"परमँगनेटला इंडिकेटर लागत नाही, सर. त्याचा रंगच सगळं सांगतो."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

मार्चमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. समोर तो रिपोर्ट होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, "यापुढे लेबल वाचत जा," एवढंच म्हणाले आणि कराराचा कागद पुढे सरकवला. बाहेर व्हरांड्यात येते तोच फोन वाजला. साताऱ्याहून.

मग तो रोजच वाजायला लागला. आधी रसायनांबद्दल, मग त्यांच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, मग नुसताच. 'सर' कधी गळून पडलं, मला आठवत नाही.

मे महिन्यात माझी बी.एड.ची प्रवेश परीक्षा सांगलीत होती. पेपर सुटला तर मल्हार बाहेर उन्हात उभा. घामाने शर्ट भिजलेला, हातात उसाच्या रसाचे दोन ग्लास. बर्फ कधीच विरघळला होता.

संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. पाणी संथ होतं. बराच वेळ तो नुसता पायरीवरचे खडे गोळा करत राहिला.

"बोल की," मी म्हटलं. "साताऱ्याहून खडे वेचायला आलास व्हय?"

"उत्कर्षा... मला तू लय आवडतीस. पहिल्या दिवशीच आवडलीस. भर लॅबमध्ये ती बाटली घेऊन आलीस ना, तेव्हाच." त्याने श्वास घेतला. "लगीन करशील?"

"बी.एड. करणार हाय मी. दोन वर्षं. नोकरी सोडणार न्हाई."

"सोड म्हटलं का मी? दोन वर्षं मी यष्टीनं ये-जा करीन."

मी पर्समधून मोबाईल काढला आणि वडिलांना फोन लावला. आण्णा मेंढरांमागे रानात असणार. मागून घुंगरांचा आवाज येत होता.

"आण्णा, रविवारी घरी हायसा न्हवं? पाव्हणं येणार हायती. म्हसवडचं."

मल्हारच्या हातातले खडे सांडले.

"म्हसवडचं?" आण्णा म्हणाले. "तुला बघायला व्हय गं?"

मी मल्हारकडे बघितलं. तो श्वास रोखून बसला होता.

"न्हाई, आण्णा. मीच बघून ठेवलंय."

पलीकडे नुसती घुंगरं वाजत राहिली. मग आण्णा खाकरले.

"बरं... मग जेवायलाच बोलीव की त्यास्नी."