वरचे दात

पेणला माझा दात सरळ करायचा दवाखाना आहे. साच्यासाठी तोंडात लगदा कोंबणं मी केव्हाच सोडलं. आता बोटाएवढा कॅमेरा फिरवला की कॉम्प्युटरवर जबडा उभा राहतो. पेशंटला उमासे नाहीत, माझ्या डोक्याला ताप नाही.

त्या दुपारी पिंकी आली, रोह्याच्या डॉक्टरांनी पाठवलेली. नववीतली पोर, दात पुढे म्हणून हसताना तोंडावर हात. सोबत तिचा मामा केरू. बाप गेल्यावर कोलाडला त्यानंच तिला वाढवलं होतं.

"हिचे वरचे दात पयले आले, मॅडम," बाकावर टेकत तो म्हणाला. "मामाच्या जिवावर उठतात म्हनं. खालचे येईस्तवर आयनं मला हिचं तोंड बघू दिलं नाय. दारातनंच खाऊ देऊन परत."

"मग? आहात ना ठणठणीत?"

"हाय तर!" तो मनापासून हसला. मला माणूस आवडला.

मी खालच्या जबड्यावरून कॅमेरा फिरवला. पडद्यावर नुसती गुलाबी हिरडी आली. काच पुसली, पुन्हा फिरवला. पिंकीचे खालचे दात माझ्या बोटाला लागत होते आणि पडद्यावर हिरडी होती. मदतनीस पूजाच्या तोंडात घालून बघितला. तिचे सगळे दात आले, दाढेतल्या सिमेंटसकट.

मग पिंकीचा वरचा जबडा घेतला. मधोमध दोनच दात आले. तांदळाएवढे, तान्ह्या बाळाचे.

पडदा माझ्याकडे वळलेला होता. मी एक शब्द बोलले नव्हते.

"वरचेच दिसतात काय?" मामानं विचारलं.

मी घाबरले की चिडते. "कॉम्प्युटरला पंचांग कळत नाही, मामा! या, स्वतःच बघा." मी पडदा त्याच्याकडे वळवला.

तो उठून जवळ आला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पिंकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तवा बघायचं राहिलं व्हतं गो," तो मायेनं म्हणाला. "पानी पिऊन येतो."

जिन्यात काहीतरी जड पडलं.

पूजा किंचाळली. मी धावले. तो शेवटच्या पायरीवर होता, डोळे उघडे. मी छाती दाबत राहिले, हात भरून आले तरी दाबत राहिले. काही उपयोग झाला नाही.

पोरीला कसं सांगायचं, या विचारात मी वर आले.

"मामा आला काय?" खुर्चीतून पिंकीनं विचारलं.

मी पडदा बंद करायला वळले. कॅमेरा स्टँडवर होता, कुणी हात लावलेला नव्हता. पडद्यावर खालच्या हिरडीतून एक पांढरं टोक हळूहळू वर येत होतं.