तिखोनने मोजून आणलेली फुलं

मी सतरा वर्षांची होते आणि भयंकर रागावलेली होते, तेव्हा तिखोन मला पहिल्यांदा भेटला. पायातले स्केट न काढता, पात्यांवर आवरणं न चढवता मी सिमेंटच्या जिन्यावरून थेट बर्फाच्या रिंकखालच्या तळघरात उतरले होते. रशियातल्या आमच्या पेर्म शहरात शाळेतली पोरंसुद्धा हा गाढवपणा करत नाहीत. पण त्या सकाळी एकाच उडीवर मी तीनदा आपटले होते, माझ्या प्रशिक्षक इनेसा ल्वोव्हना सगळ्यांसमोर ‘पोतं’ म्हणाल्या होत्या, आणि दोष पात्यांना धार लावणाऱ्याचा आहे हे मी ठरवून टाकलं होतं.

नेहमीचे म्हातारे काका जागेवर नव्हते. त्यांचा मुलगा होता. माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा, भुवयांवर लोखंडाचा चुरा.

“थांब,” तो म्हणाला. “आणखी एक पाऊलही टाकू नकोस.”

“का?”

“जिन्यावरचा आवाज ऐकून माझे दात आंबले.”

तो गुडघ्यांवर बसला, माझे बूट सोडवले, पात्यावरून अंगठा फिरवला. “आतली धार गेली. बाहेरचीही गेलीच समज.”

“आधीपासूनच गेली होती. म्हणून तर पडले.”

“पडलीस कारण उडी घेताना उजवा खांदा सोडतेस. मी रोज बघतो.”

“रोज?”

त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... धार नीट लागलीय की नाही, ते बघायला.”

खांद्याचं त्याचं म्हणणं खरं निघालं. हे त्याच्याजवळ कबूल करायला मी दोन वर्षं लावली.

त्यानंतरच्या तेरा वर्षांत मी चार वेळा रशियाची विजेती झाले. घोटा मोडला, डॉक्टरांनी ‘आता घरी बस’ म्हणून सांगितलं, आणि नऊ महिन्यांनी मी पुन्हा बर्फावर उभी होते. हे सगळं मी ताठ मानेनं सांगते, कारण नम्रपणा मला जमत नाही. आणि यातली प्रत्येक उडी तिखोनच्या धारेवर मारली, हेही तितक्याच ताठ मानेनं सांगते.

स्पर्धेहून परतले की तळघरात शेवंतीची तीन फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असत. जिंकले तरी तीन, हरले तरी तीन. दोन, चार अशी सम संख्येतली फुलं आमच्याकडे फक्त थडग्यावर वाहतात, जिवंत माणसाला कधीच देत नाहीत.

दर हंगामात जुनं पातं झिजून जाई, नवं बसवावं लागे.

“जुन्यांचं काय करतोस रे?” मी एकदा विचारलं.

“भंगारात.”

“माझ्या सुवर्णपदकाचं पातं भंगारात?”

“पदक आहे ना तुझ्याकडे. लोखंड घेऊन काय करणार?”

असा कोरडा माणूस. एकदा मला चांगली मागणी आली होती. होकार द्यायचं जवळजवळ ठरलंही होतं. मी मुद्दाम तळघरात जाऊन सांगितलं. तिखोन बराच वेळ एकच पातं घासत राहिला. मग म्हणाला, “माणूस चांगला असेल तर... बरंच आहे.” मी नकार कळवला. का, ते कुणालाच सांगितलं नाही.

तिसाव्या वर्षी, आमच्याच पेर्ममध्ये, मी शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेला उतरले. सोळा वर्षांच्या पोरी पाठीमागे मला आजीबाई म्हणत. मला हरण्याची भीती नव्हती. पण उद्यापासून पातीच नाहीत, म्हणजे धार नाही, म्हणजे तळघरात जायला निमित्त नाही, याची मात्र होती.

“किती दिवस टिकेल ही धार?” मी स्केट घेताना विचारलं.

“बर्फावरची चार मिनिटं टिकली की झालं.”

“आणखी काही सांगायचंय, तिखोन?”

“उजवा खांदा,” तो म्हणाला.

खांदा मी सोडला नाही. सात उड्या, एकदाही हात बर्फाला लागला नाही, आणि शेवटच्या गिरकीत मला दिसलं की लोक उभे राहिलेत. माझ्या गावचे लोक, कामा नदीकाठचे, सहजासहजी न उठणारे. मी तिसरी आले. माझ्या पुढच्या दोन पोरींपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी मोठी होते आणि मला त्याचा अभिमान वाटला.

आणि तेवढ्यात स्पर्धेच्या दिवशी कधी लोकांसमोर न येणारा तिखोन इस्त्रीचा शर्ट घालून कठड्यापाशी आला. हातात शेवंती. मी मोजली. इनेसा ल्वोव्हनांनीही मोजली, आणि अपशकुन टळावा म्हणून लगेच डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्या.

“अरे चार? अक्कल गहाण टाकलीस का? पोरगी जिवंत आहे माझी.”

“मोजूनच आणलीत,” तो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. “म्हणजे मी संपले, असं म्हणायचंय तुला?”

“नाही. पाचवं फूल घरी आहे. खिडकीत, चहाच्या ग्लासात.” कान पुन्हा लाल. “ते न्यायला तुला यावं लागेल. धारेचं निमित्त संपलं ना... दुसरं शोधायला तीन आठवडे लागले मला.”

“तेरा वर्षं लागली,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी स्केटचे बूट आणि ती चार फुलं घेऊन त्याच्या घरी गेले. खिडकीत फूल होतं, पण मी भिंतीकडेच बघत राहिले. खिळ्यांना ओळीनं माझी झिजलेली पाती टांगलेली, प्रत्येकाखाली त्याच्या अक्षरात गाव आणि तारीख. हरले त्या स्पर्धाही होत्या. पहिली जोडी सिमेंटवर खरवडलेली.

“भंगारात म्हणाला होतास.”

“खोटं बोललो.”

शेवटचा खिळा रिकामा होता. त्यानं माझे बूट घ्यायला हात पुढे केला. मी दिले नाहीत. स्क्रू मीच काढले, आजची पाती माझ्या हातानं टांगली आणि ती चार फुलं पाचव्याजवळ ग्लासात खोचली.

“पाच झाली,” तिखोन हळूच म्हणाला. “आता नेलीस तरी चालतील.”

“मोजता येतं मला,” मी म्हणाले, आणि कोट काढून त्या खिळ्याशेजारच्या खुंटीला अडकवला.