सिरगाचा रविवार

मार्च संपत आला तरी बिश्केकमध्ये ओला बर्फ पडत होता. सिरगा टपरीच्या पत्र्याखाली शिरली तेव्हा तंदुरात मटण भरलेला एकच सामसा उरला होता. तिने हात पुढे केला आणि शेजारच्या उंच तरुणानेही.

“घ्या तुम्ही,” तो म्हणाला.

“घेणारच होते.”

तो हसला. मग तिनेच अर्धा तोडून त्याच्या हातावर ठेवला. चटका बसला तसा तो ह्या हातातून त्या हातात नाचवत राहिला. बर्फ थांबला, दोघं दोन वाटांनी गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या शिलाई कारखान्यात मालकाने नवा मुकादम आणून उभा केला – तोच. तिलेक त्याचं नाव.

मॉस्कोचा माल पाठवायची वेळ आली, की मुकादमाने शनिवारी प्रत्येक मशीनपाशी जाऊन विचारायचं, ‘उद्या येणार ना?’ बायका कुरकुरत हो म्हणायच्या. कॉलर शिवणारी सिरगा मान वर न करता नाही म्हणायची.

“घरी कुणी आजारी आहे का?”

“नाही.”

“मग असतं तरी कोण घरी?”

“मी असते.”

शेजारची अनिपा मावशी खिदळली. “साहेब, भिंतीला डोकं लावून भिंत हलत नाही हो!”

तरी दर शनिवारी तिलेक त्या भिंतीपाशी जरा जास्तच रेंगाळू लागला.

“रविवारी करता तरी काय एवढं?”

“केस धुते. खिडकीत बसते. ऊन सरकतं ते बघते.”

“बस... एवढंच?”

“तुम्ही बघितलंय कधी?”

त्याने बघितलं नव्हतं. तो पुढच्या मशीनकडे गेला.

सिरगाला तो आवडू लागला होता, म्हणूनच ती सावध झाली. मालकाला नाही म्हणणं सोपं. आवडत्या माणसाला म्हणताना जीभ जड होते. आणि एक रविवार दिला, की पुढचे कुणी मागतसुद्धा नाही, धरूनच चालतात.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिच्या दारावर थाप पडली. दारात तिलेक. खाली कारखान्याची गाडी हॉर्न वाजवत होती.

“कॉलरी अडल्यात. मालक म्हणाला, सिरगाला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस. चला ना... एकच दिवस.”

सिरगाचे केस ओले होते. “आधी नान तर मोडा,” ती म्हणाली.

दारात आलेल्याने नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय परत फिरायचं नसतं, मग घर पेटलेलं का असेना. तिलेक बूट काढून आत आला. तिने वाडग्यात चहा ओतला, जेमतेम तळाशी. जो लवकर जावा असं वाटतं त्याचं वाडगं काठोकाठ भरतात. तो इथलाच, त्याला कुणी सांगायला नको होतं.

तो वाडग्याकडे बघत राहिला. “सिरगा... माझी नोकरी जाईल.”

“जाईल. मी आले तर माझा रविवार जाईल. मी थांबा म्हणत नाही. चहा ओतलाय, एवढंच.”

पुन्हा हॉर्न वाजला. तो उठला, बूट चढवले, जिना उतरला. गाडी निघाल्याचा आवाज आला. सिरगाने खिडकीतून वाकून बघितलं नाही. गेला तर गेला, असं म्हणत ती केस विंचरू लागली. फणी गुंत्यात अडकली.

दारावर पुन्हा थाप.

“गाडी गेली?” तिने विचारलं.

“गेली. मला न घेता.” तो बूट काढत होता. “उद्यापासून काम शोधायचंय.”

“शोधा. पण सुट्टी कधी ते आधी विचारा.”

“विचारीन. आणि सुट्टीत... इथं आलो तर?”

“दर रविवारी नाही हं. काही माझ्या एकटीचे.”

“बाकीचे?”

तिने फणी खाली ठेवली. “बाकीच्यांना या. पण दार वाजवू नका. थाप पडली की कारखानाच आला असं वाटतं. हाक मारा.”

तो बसला होता तिथूनच, हळूच म्हणाला, “सिरगा...”

“ओ,” ती म्हणाली.