वापरकर्ता अजून आत आहे

ही घटना माझ्याच बाबतीत घडली आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. रविवारची दुपार होती. लख्ख उजेड होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

मी दवाखान्यात कानांची तपासणी करते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. आवाज दिलेलाच नसताना बटण दाबणारेही पुष्कळ भेटतात. त्यामुळे भास कशाला म्हणतात, हे मला कुणी शिकवू नये.

माझा नवरा मागच्या वर्षी अपघातात गेला. सकाळी कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही.

मित्र त्याला पेंग्विन म्हणायचे, कारण घरातल्या प्रत्येक संगणकावर त्याने लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम बसवली होती आणि पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह. मी चिडवायचे, "फुकट ते पौष्टिक!"

तो म्हणायचा, "फुकट नाही गं, मोकळं. यात कुणीही डोकावावं, बिघडलं तर दुरुस्त करावं."

बँकेची कामं, फोटो, सिनेमे, सगळं आम्ही त्यावरच करायचो. खेळसुद्धा. दुसऱ्या सिस्टिमसाठी बनवलेला एखादा खेळ यावर चालवायला तो अख्खा शनिवार घालवायचा आणि चालू झाला की जरा वेळ खेळून उठायचा. खुळा होता अगदी.

एकच खेळ आम्ही रोज खेळायचो. दोघांचा. दोन छोटे कंदीलवाले असतात, त्यांनी अंधाऱ्या घरांतून वाट काढायची. कुठलंही दार उघडायला दोघं लागायचे.

तो गेल्यावर मी आमचा खेळायचा संगणक कधी लावला नाही. फक्त पुसून ठेवायचे.

शेवटी धाकट्या दिराने विषय काढला.

"वहिनी, नुसती धूळ किती दिवस पुसणार? माझ्या पोरीला कॉलेजसाठी हवाच आहे. रविवारी संध्याकाळी येऊन नेतो."

"न्या. पण त्याचं खातं मी माझ्या हाताने काढणार, भाऊजी. तुम्ही नाही."

संगणकावर आमची दोन वेगळी खाती होती, एक त्याचं, एक माझं. त्या दुपारी मी त्याचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. मग माझ्या खात्यात आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली आणि खातं काढून टाकायची, त्यानेच कधीतरी शिकवलेली आज्ञा टाइप केली. पासवर्ड मागितला. तिथे पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. मला ते पहिल्यापासून आवडत नसे.

उत्तर आलं... मराठीत. त्याने सगळं मराठी करून ठेवलं होतं.

'वापरकर्ता अजून आत आहे. काढता येत नाही.'

मी दिराला फोन लावला.

"काहीतरी अडकलं असेल वहिनी. बंद करून परत चालू करा."

बंद केला. चालू केला. फक्त माझ्या खात्यात शिरले. पुन्हा तीच आज्ञा दिली.

'वापरकर्ता अजून आत आहे.'

आणि मग... पंख्याचा आवाज वाढला.

संगणकाच्या आतला पंखा. साध्या कामाला तो कुजबुजल्यासारखा चालतो. जोरात फिरतो तो फक्त खेळ चालू असताना. मी कुठलाही खेळ लावलेला नव्हता.

आत कोण कोण आहे, हे विचारायची एक आज्ञा असते. मी ती दिली.

दोन ओळी आल्या. एक माझी.

एक त्याची.

प्रत्येक ओळीपुढे दिसतं, त्या माणसाने शेवटची कळ दाबून किती वेळ झाला. ते आकडे आपोआप बदलत राहतील असं मी केलं आणि हात मांडीवर ठेवले.

माझा आकडा वाढत गेला.

त्याचा वाढायचा... आणि शून्यावर यायचा. परत वाढायचा... परत शून्य.

कीबोर्ड माझ्यासमोर होता. त्याला कुणी शिवत नव्हतं.

मी श्वास रोखून ऐकलं, कामावर ऐकते तसं. खालचं पाणी बंद झालं होतं. टेबलाच्या खणातून... टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

खणात त्याचा जॉयस्टिक होता.

खण उघडायचा धीर झाला नाही.

लिनक्समध्ये दोन माणसं एकाच वेळी आत असू शकतात, दोघांचे पडदे वेगळे. तीन कळा एकदम दाबल्या की दुसऱ्याचा पडदा समोर येतो. मी दोन कळांवर बोटं ठेवली.

तिसरी दाबली नाही.

घाबरले मी. ज्याच्या कुशीत इतकी वर्षं झोपले, त्या माणसाला घाबरले.

आत असलेल्याला जबरदस्तीने काढायचीही सोय असते. आज्ञेत एक अक्षर वाढवायचं, बस. 'नक्की ना?' असंसुद्धा कुणी विचारत नाही. सांगाल ते मुकाट्याने होतं.

मी ते अक्षर वाढवलं.

पंखा हळूहळू मंद झाला. खणातलं टक थांबलं. दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत असते तशी शांतता घरभर झाली आणि मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी दीर येऊन संगणक घेऊन गेला. घरी नेऊन त्याने तो आतून सगळा पुसला आणि नव्याने लिनक्स बसवलं. "आता कोरी पाटी, वहिनी," म्हणाला.

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला.

"काकू, काकाचा तो कंदीलवाल्यांचा खेळ मी टाकून घेतला."

"कसा वाटला?"

"मस्त आहे गं. पण काकू... मी एकटीच खेळते, तरी दुसरा कंदीलवाला येतो."

"इंटरनेटवरून कुणीतरी येत असेल."

"इंटरनेट बंद केलं तरी येतो! आणि खेळत नाही. मी दाराशी जाऊन थांबते, तरी माझ्याबरोबर येत नाही. नुसता बसून राहतो, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. बाबा म्हणतात, खेळातच काहीतरी बिघाड असेल. तू ये ना एकदा. तुला येतो ना हा खेळ?"

"येते," म्हणाले.

अजून गेलेले नाही. त्यांचं घर माझ्या दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत आहे. रोज संध्याकाळी सुटल्यावर त्या वळणाशी थांबते... आणि सरळ घरी येते.

तो तिथे असेल म्हणून मी घाबरते, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. एकदा मी त्याला न बघताच हाकलून दिलंय.

मी जाऊन बसले... आणि मला बघून तोच उठून गेला तर?