आडनाव नसलेल्यांना बोलावणं

शनिवारी सकाळी मराठी मंडळाच्या खोलीत चिटपाखरू नसतं, म्हणून देविका बेहेरेने नेमकी तीच वेळ निवडली होती. मैलापूरच्या गल्लीतली पहिल्या मजल्यावरची खोली, एक कुरकुरणारा पंखा, आणि कुणीतरी दान दिलेला कॉम्प्युटर. संक्रांतीचा समारंभ सोमवारी संध्याकाळी. निमंत्रणं आठवड्यापूर्वीच टपालात पडलेली. इतकी वर्षं मंडळाचे राघोत्तमकाका हाताने पाकिटं लिहायचे; यंदा देविकाने सगळं कॉम्प्युटरवर आणलं होतं आणि त्याबद्दल थोडी कॉलर ताठही केली होती. आज तेवढे पाहुण्यांच्या नावांचे बिल्ले छापले की सुटली.

तिने वर्डची फाईल उघडली. वर्डने नेहमीसारखं विचारलं, ही फाईल उघडताना अमुक आज्ञा चालेल, चालेल ना? तिने नेहमीसारखं न वाचता 'येस' दाबलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"एक पुसू का?"

तिने मान वर केली. काखेत हेल्मेट, कपाळावर घाम, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. चेहरा असा की रागावून आलाय पण रागावायची सवय नाही.

"आमच्या अत्यास बोलावणं आलं नाही. दर वर्षी येत होतं. यंदा का नाही, इतकंच पुसायास आलों."

देविका बघतच राहिली. हे मराठी तर होतं. पण शाळेत बखरीचा उतारा असायचा ना, त्यातून कुणीतरी उठून यावं आणि येता येता तमिळची चाल उचलावी, तसं. प्रत्येक वाक्य शेवटाकडे हलकेच वर जायचं, झोका वर जातो तसं.

"तुम्ही... मराठी?"

"तंजावूरचे. तीनशे वर्षं झाली येऊन," तो म्हणाला. "तुम्ही?"

"दीड वर्ष," देविका म्हणाली. आणि उगाचच तिला आपण फार उशिरा आल्यासारखं वाटलं.

"बसा. अत्यांचं नाव?"

"व्ही. अलमेलू."

"आडनाव?"

"नाही."

"नाही म्हणजे, आठवत नाही?"

"नाही म्हणजे नाही. आम्ही आडनाव लावत नाही. बापाच्या नावाचं अक्षर पुढे, मग आपलं नाव. मी आर. गिरिधर. आर म्हणजे रामस्वामी, माझे अप्पा."

कुठेतरी काहीतरी चुकलंय, पण नक्की काय ते देविकाला अजून कळलं नव्हतं.

तिने अ‍ॅक्सेसमधला, सगळ्यांची नावं-पत्ते साठवलेला मूळ तक्ता उघडला. व्ही. अलमेलू, वेस्ट मांबलम. आहे की. मग त्यावरून वर्डने तयार केलेली निमंत्रणपत्रं चाळली. नाही. पुन्हा तक्ता. आहे. पुन्हा पत्रं. नाही.

"तुमच्या अत्या इथे आहेत," ती म्हणाली, "आणि इथे नाहीत."

"हे घरीही तसंच," गिरिधर खुर्ची ओढत म्हणाला. "बसलेली इथे, लक्ष शेजारच्या स्वयंपाकघरात."

देविकाला हसू आलं, ते तिने स्क्रीनकडे बघून लपवलं. "मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते."

"आणि आपल्या?"

"त्या फुकट शोधाव्या लागतात."

तिने वर्डमधली गाळणी, म्हणजे फिल्टर, लागलीय का ते बघितलं, नव्हती. सगळ्या नावांपुढे टिकमार्क होता. पत्तेही बरोबर अ‍ॅक्सेसच्याच फाईलमधून येत होते. सगळं ठीक, आणि तरी अत्या गायब. शेवटी तिने फाईल बंद केली आणि पुन्हा उघडली. वर्डने तोच प्रश्न विचारला. तिचं बोट 'येस'वर गेलं...

"थांबा. वाचू द्या," गिरिधर पुढे झुकला. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि फिल्टर कॉफीचा वास होता. "'सिलेक्ट स्टार फ्रॉम निमंत्रण क्वेरी.' हे न वाचताच हो म्हणता तुम्ही?"

"सगळेच म्हणतात."

"मी बँकेत आहे. आम्ही असं हो म्हटलं तर उद्यापासून घरी."

पण देविका ऐकत नव्हती. निमंत्रण क्वेरी. म्हणजे वर्ड मूळ तक्त्यातून नावं उचलतच नव्हतं. तिने डिसेंबरात एक क्वेरी, म्हणजे तक्त्यातून निवडक नावं काढणारी यादी, बनवली होती, तिच्यातून उचलत होतं. आणि बनवून ती साफ विसरली होती. तिने क्वेरीचा सांगाडा उघडला. सरनेमच्या रकान्याखाली, तिच्याच हाताने लिहिलेले तीन शब्द बसले होते: इज नॉट नल.

रिकामं नसेल तरच घे.

तिला तो दिवस आठवला. नमुन्याची पत्रं छापली तेव्हा काहींच्या नावापुढे भोक दिसत होतं. तिला वाटलं, कुणीतरी आळशीपणाने नावं अर्धवट भरलीत. अर्धवट नोंदी कशाला हव्यात, म्हणून एका ओळीत साफ केल्या. कुणाला आडनावच नसेल, हे सांगलीच्या मुलीच्या डोक्यात येणार कुठून.

तिने अट उलटी करून बघितली. गाळलेली नावं एकामागून एक पडद्यावर उतरली.

"ही कृष्णवेणीअक्का, आमच्या मागच्या गल्लीतली," गिरिधर वाचू लागला. त्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला. "ही अंबुजा पाट्टी, सगळ्यांची आजी. तिला दिसत नाही, पण दर संक्रांतीला येते, तिळगुळाचा वास घ्यायला. हे गुंडोमामा... हे सगळे आमचेच."

"हो," देविका म्हणाली. तिचे कान तापले होते. "मीच काढले. मुद्दाम नाही. पण मीच."

तो पुन्हा पहिल्या नावापासून वाचत खाली आला. 'ठीक आहे' म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं, आणि राग आला असता, दोन्ही.

ती कामाला लागली. अट पुसली. पत्रं आली, पण 'अलमेलू व्ही.' अशी, आणि मध्ये ते भोक. मग तिने वर्डला समजावलं की आडनाव असेल तर ते शेवटी लाव, नसेल तर अक्षर आधी आणि नाव नंतर. पहिल्यांदा कंस चुकला, दुसऱ्यांदा सगळीच माणसं अलमेलू झाली.

"एवढ्या अत्या मज झेपणार नाहीत," गिरिधर म्हणाला.

तिसऱ्या वेळी नीट आलं. व्ही. अलमेलू. प्रिंटर कुरकुरत कागद ओकू लागला आणि देविकाने टेबलावर थाप मारली, आणि तोही हसला. खरोखर हसला, डाव्या गालाला खळी पडेपर्यंत.

मग तिने राघोत्तमकाकांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि ही पत्रं आज टपालात टाकू का विचारलं.

"अगं, आज शनिवार," काका म्हणाले. "उद्या टपाल नाही, सोमवारी पोंगलची सुट्टी. मिळणार कधी? राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते लोक तसेही मागे बसतात आणि लवकर उठून जातात."

काकांचा आवाज भारदस्त. फोनबाहेरही स्वच्छ ऐकू येणारा. गिरिधरने हेल्मेट उचललं.

"मग अत्या येणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "विसरले असं ती नाही म्हणणार. नको झालों, असं म्हणेल. आई गेल्यावर तिने वाढवलंय मज. ती जिथे जात नाही तिथे मी जात नाही."

तो पायरीपर्यंत पोचला. देविकाला एक गोष्ट लख्ख दिसली. सोमवारी हा माणूस त्या दारातून आत आला नाही, तर तो समारंभ तिच्यासाठी झालाच नाही.

"अहो... तुमच्याकडे गाडी आहे?"

"स्कूटर आहे."

"मग टपाल कशाला हवंय?"

तो वळला. एक पाऊल परत आत आला. "आमच्यात खरं बोलावणं घरी येऊनच देतात," तो म्हणाला. "पण रिकाम्या हाताने नाही."

जवळच्या देवळाच्या तळ्याकाठच्या दुकानातून त्याने पितळेचा छोटा कुंकवाचा करंडा घेतला, अक्षता घेतल्या, आणि तिच्या हातात दिल्या. बोटं लागली नाहीत. लागता लागता राहिली... ते जास्त वाईट.

आणि मग ते दोघं निघाले. रस्त्याकडेला उसाच्या मोळ्या उभ्या, हळदीच्या ओल्या रोपांचा वास, मागे बसलेली देविका एका हाताने निमंत्रणांची पिशवी आणि दुसऱ्या हाताने सीटमागची दांडी घट्ट धरून. गिरिधर प्रत्येक दारापुढच्या कोलमला वळसा घालून गाडी थांबवायचा. रांगोळीवर चाक गेलं तर बोलावणं बाजूलाच राहील, म्हणाला. देविका आत जायची, घरच्या बाईला कुंकू लावायची, अक्षता द्यायची, "अवश्य यायचं" म्हणायची. प्रत्येक घरात कॉफी. नाही म्हणायची सोय नाही.

"आता मला झोप कधी येणार," ती ट्रिप्लिकेनच्या सिग्नलला म्हणाली.

"येऊ नये, म्हणूनच पाजतात."

"का?"

"निमंत्रण देणाऱ्याने समारंभ होईपर्यंत जागंच राहायचं असतं."

"हा खरा रिवाज आहे की आत्ता बनवलात?"

"आत्ता," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटला.

रविवारी भोगी. पहाटे जाळलेल्या जुन्या चटयांचा धूर शहरभर तरंगत होता. जॉर्ज टाउनमध्ये गुंडोमामांनी दोघांना बघून विचारलं, "ही कोण?" गिरिधर म्हणाला, "मंडळाची." मामा म्हणाले, "सरि, सरि, बरं. मंडळाची," आणि असे हसले की देविकाने अक्षता स्वतःच्याच पायावर सांडल्या. बाहेर आल्यावर दोघंही बराच वेळ एकमेकांकडे बघेनात. कुठल्या सिग्नलपासून 'अहो' गळून 'अरे' झालं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

अंबुजा पाट्टीने देविकाचा हात हातात घेऊन चाचपला. "थंड हात," ती म्हणाली. "भिते आहेस, मा. कोणास?"

देविका भीत होती हे खरं. वेस्ट मांबलमचं घर तिने सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

अलमेलूअत्या ओसरीवरच बसल्या होत्या. ताठ कणा, हिऱ्याच्या कुड्या, पांढरेशुभ्र केस. देविकाने करंडा पुढे केला. अत्यांनी कपाळ पुढे केलं नाही.

"तुम्हांस आमचं नाव ठाऊक नव्हतं?"

गिरिधर काहीतरी सांगायला लागला. अत्यांनी नुसता हात वर केला.

"ठाऊक होतं," देविका म्हणाली. "मीच गाळलं. मी कॉम्प्युटरला सांगितलं, ज्याला आडनाव नाही त्याला बोलावू नकोस. मला वाटलं, ती नावं अर्धी आहेत. पूर्ण नाव तसंही असतं, हे मला माहीतच नव्हतं."

"आता?"

"आता माहीत आहे."

अत्यांनी बाजूचा पाट देविकाकडे सरकवला. मग त्यांनी कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं, कॉफी दिली, आणि येणार की नाही याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

"म्हणजे येणार?" देविकाने फाटकाशी विचारलं.

"मज ठाऊक नाही," गिरिधर म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याचं वाक्य शेवटाला वर गेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी हॉल भरला. गुंडोमामा आले, कृष्णवेणीअक्का आल्या, अंबुजा पाट्टी पहिल्या रांगेत बसून तिळगुळाचा वास घेत होती. राघोत्तमकाका जादा खुर्च्या आणायला स्वतः धावत होते आणि देविकाची नजर चुकवत होते. देविकाने हिरवी साडी नेसली होती, आणि दर दोन मिनिटांनी बिल्ल्यांच्या टेबलावर 'व्ही. अलमेलू' आणि 'आर. गिरिधर' हे दोन बिल्ले सरळ करत होती. ते आधीच सरळ होते.

दिवेलागण झाली. गाणं सुरू झालं. दोन बिल्ले तिथेच.

मग खाली ऑटोचा भोंगा वाजला, आणि पायऱ्यांवर चपला.

दारात गिरिधर उभा होता. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चांदीची थाळी. थाळीत विड्याची पानं, सुपारी, हळकुंडं, आणि अत्यांचा जुना चांदीचा करंडा.

देविकाचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा उडाला. "अत्या?"

"ऑटोत बसलीये. आधी हे द्यायला सांगितलं. बोलावणं घेतलं की परत बोलवायचं असतं. हा खरा रिवाज," तो म्हणाला. "मी बनवलेला नाही."

"कशाचं बोलावणं?"

त्याने थाळीतली पानं उगाच सरळ केली. कान लाल झाले. "तारीख अजून नाही," तो म्हणाला. "छापलेलंही काही नाही. तू सांगलीला फोन करशील, मग अत्या बोलेल, मग... देविका, मज नीट बोलता येत नाही. तुझ्या मराठीत तर नाहीच."

"तुझ्या मराठीत बोल."

खालून अत्यांचा आवाज आला, गाण्याच्या वरताण. "गिरी, पुसलास का रे? ऑटोवाला चिडतोय."

"पुसतोंय, अत्या," तो जिन्यात वाकून म्हणाला, आणि मग तिच्याकडे वळला. त्याने थाळी दोन्ही हातांनी पुढे केली. "आमच्या घरी येशील? राहायास?"

देविकाने थाळीतल्या करंड्यात बोट बुडवलं आणि आपल्या कपाळाला कुंकू लावलं. आज तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. मग ती म्हणाली, "हो."

आणि साडीच्या निऱ्या सावरत, दोन बिल्ले मुठीत धरून, पायऱ्या उतरून अत्यांना आणायला गेली.