चार जुने प्लग

टिक्.

गाव अजून उठायचं होतं, म्हणून एवढासा आवाजही धुरपदाला ऐकू आला. तापलेला तवा निवताना वाजतो, तसा. पण चूल अजून पेटली नव्हती आणि आवाज कोनाड्यातून आला होता. तिथं ट्रॅक्टरचे चार जुने प्लग होते, कालपासून काढून ठेवलेले. तिनं हात लावला. कोमट होते. चुलीमागची भिंत आहे, तिनं मनाला सांगितलं, आणि झोपलेल्या लेकीच्या, शेवंताच्या, अंगावर वाकळ सारखी केली.

आज ट्रॅक्टर निघायलाच हवा होता. सासऱ्यांनी, माणिकप्पांनी, बैलजोडी विकून तो येडशीहून जुनाच आणला होता. बेंबळीच्या शिवारात वाफसा आला होता. ओल उडायच्या आत कुळवाची पाळी घालून ज्वारी पेरली नाही, तर वर्षाची भाकरी गेली.

तिच्या नवऱ्यानं, बब्रुवाननं, धाराशिवहून नवेकोरे प्लग आणले होते. त्यावर ट्रॅक्टर पेट्रोलनं सुरू व्हायचा, रॉकेलवर घेतला की खोकून गप्प बसायचा. प्लग काजळीनं माखलेले निघायचे.

उजाडल्यावर धुरपदानं एक नवा, एक जुना प्लग विस्तवात ठेवला. लाल झाल्यावर दोन्ही बाहेर काढले, जरा थांबली आणि वर पाणी शिंपडलं. नव्यावर ते नुसतंच ओघळलं. जुन्यावर थेंब नाचला.

“ह्यो नवा लवकर निवतो. काजळी जाळाया धग टिकाया पायजे. जुनंच घाला.”

“सून भाकरी भाजती का ट्रॅक्टर?” माणिकप्पा हसले.

“दोन्हीला धगच लागती, मामा.”

बाकीचे तीन जुने घासायला तिनं कोनाड्यातून काढले. ओल्या हाताचा एक थेंब त्यावर पडला.

चर्र झालं.

त्या तिघांना विस्तव लागलाच नव्हता. राखेनं घासून चारही तिनं नवऱ्याच्या हाती दिले. वाफसा कुणासाठी थांबणार होता?

एरवी दोघांना जड जाणारं हँडल पहिल्याच हिसक्याला फिरलं. पलीकडून कुणी हात लावल्यासारखं. ट्रॅक्टर धडधडला. रॉकेलवर घेतला, तरी धडधड तुटली नाही. हसायला जमलेली माणसं बांधापर्यंत मागं चालत गेली. माणिकप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या सुनेनं चालू केलाय.”

दुपारी बब्रुवान जेवायला आला तो धुळीनं माखलेला, हसतच. ट्रॅक्टरमधून काढून उपरण्यात बांधून आणलेले चारही प्लग त्यानं तिच्यापुढं परातीत ओतले.

“राखेनं घास बरं का. निम्म्याच्या वर रान झालं. दिवस मावळायच्या आत उरकतंय बघ.”

धुरपदाचा ऊर भरून आला. तिनं गरम भाकरी वाढली. त्यानं घास मोडला.

हात तसाच राहिला.

शिवारातून धडधड येत होती.

“दुसऱ्याचा आसल,” ती म्हणाली.

“गावात दुसरा कुठाय?”

ती दारात गेली. लांब, रानात काळ्या मातीचा पट्टा सरळ पुढं सरकत होता. धुळीत बाकी काही दिसत नव्हतं. बांधावर माणिकप्पा उभे होते, पटका हलवत, कुणाला तरी शाबासकी देत.

मागं शेवंतानं परातीतला एक प्लग उचलून गालाला लावला.

“माय, हे तर हितं हायेत. मग तिकडं ते कशानं चाललंय?”