उष्टी हवा

बसा त्या दगडावर. बाभळीचा काटा आहे, चांगला आत गेलाय, पण पंक्चर दहा मिनिटांत निघेल. उन्हं कलायला वेळ आहे, चाकणला उजेडातच पोचाल. माझ्या धापेकडे लक्ष देऊ नका, ती जुनी आहे. ओठांकडेही बघू नका. हात चालू आहेत तोवर एक हकिकत सांगतो, ती मात्र नीट ऐका. मला ती वेळेवर कुणी सांगितली नव्हती.

मी गुरुदत्त. पिंपरीत एका कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यात आहे. हातात मायक्रोमीटर आणि मनात संशय, असं आमचं काम. त्यातून मला लहानपणापासून उष्ट्याची किळस. कुणाचंही उष्टं, अगदी आईचंसुद्धा. कंपनीत माझा चहाचा कप कपाटात कुलपात असायचा, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा जयसिंग त्यावरून रोज माझी फिरकी घ्यायचा. लग्नात चित्रानं आपल्या ताटातला घास भरवला, तो मी मांडवामागे जाऊन थुंकून आलो. तिनं ते पाहिलं. तिचा तो राग अजून गेलेला नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट माझी छाती. लहानपणी मला दमा होता. इतर मुलं ओरडत खेळायची आणि मी उशांना टेकून एकेक श्वास ओढत बसायचो. पंचविशीत सायकल घेतली. गुरुवारी कंपनीला सुट्टी, की सकाळीच निघायचं. भोसरी, मोशीला इंद्रायणी ओलांडायची, कुरुळी, मग चाकणच्या किल्ल्याची पडकी भिंत मागे टाकून इकडे भामा नदीच्या खोऱ्यात. पहिल्या वर्षी मोशीचा चढ सायकल हातात धरून चढलो. तिसऱ्या वर्षी तोंड मिटून, नुसत्या नाकानं श्वास घेत चढलो, आणि वर पोचल्यावर मला रडू आलं. देवानं न दिलेला श्वास मी पायांनी कमावला होता. स्वतःचं म्हणावं असं माझ्यापाशी तेवढंच होतं.

पंच्याहत्तर सालचा मार्च. या खोऱ्यात तेव्हा नव्यानंच द्राक्षाच्या बागा लागल्या होत्या. जुनी गावं, दगडी वेशी, मधूनच नदीचं पाणी चमकायचं. भर दुपारी मी याच रस्त्यानं चाललो होतो. एका बागेच्या कुंपणाशी बाभळीची फांदी रस्त्यात आडवी पडली होती. दिसेपर्यंत पुढचं चाक तिच्यावरून गेलं.

सायकल घेऊन बागेत शिरलो आणि आधी नाकाला रुमाल लावला. माल तोडून झाला होता, उरलेले घड वेलावरच नासले होते. मण्यांची सालं फाटून आतला गर गळत होता आणि त्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. मुळांशी मासळीचं खत घातलेलं. गोड वास आणि कुजका वास एकमेकांत असे मिसळले होते, की तोंड मिटलं तरी टाळूला चिकटत होते.

मांडवाखाली खाटेवर एक म्हातारा धापा टाकत बसला होता. तोंड उघडं, आत एकही दात नाही, ओठ मोरचुदासारखे निळे. फवारणीचं औषध लागलं असेल, असं मला वाटलं. बागेचा राखणदार, नाव कोंडीराम. त्याच्या शेजारी एक गंजकी सायकल उभी होती. तिचं मागचं चाक बसलेलं, पण पुढच्यात अजून थोडी हवा होती.

पंक्चर मी काढलं. पण व्हॉल्व बसवताना त्यावरची ती बारीक रबरी नळी, व्हॉल्व ट्यूब, उन्हानं कडक झालेली, ती फाटली. जवळ दुसरी नव्हती.

“माझी घ्या की, राव,” कोंडीराम म्हणाला. एका वाक्याला त्याला चार श्वास लागले. “लई... जुनी हाय. पन टिकती.”

त्यानं आपल्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व काढला. हवा फुस्स करून निघाली नाही. एखाद्यानं लांब उसासा टाकावा तशी निघाली, गरम, आणि तिला आजारी माणसाच्या न धुतलेल्या तोंडाचा वास होता. तो काळाठिक्कर पडला, पण हात थांबले नाहीत. नळी ओली केल्याशिवाय चढत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सगळेच थुंकी लावतात. त्यानं ती अख्खी तोंडात घातली आणि लेमनच्या गोळीसारखी या गालातून त्या गालात फिरवली. बाहेर काढली तेव्हा तिच्याबरोबर लाळेची तार आली, ती तुटता तुटेना. ती नळी त्यानं माझ्या व्हॉल्ववर चढवली. मी पंप मागितला, तर तो ऐकायला थांबलाच नाही. खाली बसून त्यानं माझ्या चाकाला ओठ लावले आणि फुंकलं. एकदाच. चाक दगडासारखं झालं.

आणि त्याची धाप थांबली. त्यानं तोंड मिटलं. नाकानं एक श्वास घेतला, मग आणखी एक, सावकाश. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी मी ओळखायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती लाळेची तारच होती, म्हणून आभारही न मानता निघालो.

मोशीच्या चढावर माझी छाती अडली. वीस वर्षांत ऐकली नव्हती ती शिट्टी गळ्यातून वाजू लागली. कसाबसा घरी पोचलो आणि मनात एकच, ती घाणेरडी नळी उपटून गटारात टाकायची. अंगणात बसून व्हॉल्व सैल केला. चाकातून तोच उसासा निघाला, फक्त आता त्यात माझी शिट्टी होती. चाक बसत गेलं तसतसा मी बसत गेलो. ओरडायला हवा नव्हती. नळी परत बसवायला हवी एवढं कळत होतं, पण कोरडी ती चढेना, आणि नळ दहा पावलांवर.

मग मी ती तोंडात घातली.

नासक्या द्राक्षांचा आंबूसपणा, तांब्याची चव, आणि त्याखाली दुसऱ्याच्या लाळेचा चिकटा. कोमट होता. तीन तासांनंतरही कोमट. ओकारी आली, ती मी गिळली. जिभेला नळीवर चार बारीक खड्डे लागले. नळी चढवली, चाकाला ओठ लावले, फुंकलं. एका फुंकरीत चाक भरलं आणि माझी छाती चालू झाली. पुरती नाही. आता ऐकताय तेवढीच. चित्रा दारात उभी होती. माझ्या तोंडाला लागलेला काळा चिकटा तिनं पाहिला आणि ती आत गेली.

पुढच्या गुरुवारी एस.टी.नं बागेत आलो. कोंडीराम डोक्यावर पाटी घेऊन तरातरा चालला होता. मला बघून तो वेलांमध्ये नाहीसा झाला. त्याची बायको सरूबाई पुढं आली.

“त्यांच्यावर राग धरू नगा, दादा. सात वर्सं त्यांनी बसून काढली. आडवं व्हता येत न्हवतं.”

त्यांना हे कुणी दिलं, असं मी विचारलं.

“रस्त्यानं जानारा एक जन. त्यो बी सायकलवालाच.” तिचा आवाज खाली आला. “आता फुकून भराल तर भरनार न्हाई... चाक मऊ पडाय लागलं, की येळ आली म्हनून वळखायचं. मग दुसऱ्याच्या चाकात घालायचं. घरच्याला द्याचं न्हाई.”

तिनं पदरातून मूठभर द्राक्षं पुढे केली. त्यांतली निम्मी नासलेली होती. मी न घेताच परत फिरलो.

आठ वर्षं झाली. मेव्हणा अनंत दोनदा सायकल मागायला आला, त्याला मी अपमान करून घालवलं. पंप लावून पाहिला, पंपाची हवा ते चाक घेत नाही. रोज उठलो की आधी अंगठ्यानं टायर दाबायचा. टणक असला, तर तो दिवस माझा. गेल्या सोमवारी अंगठा आत गेला. आज इथवर येताना रिम जमिनीला लागत होती.

हसताय. गोष्ट छान जमली म्हणताय. असू दे.

तुमचं पंक्चर निघालं. पण व्हॉल्व ट्यूब फाटली. खोटं कशाला बोलू, मीच फाडली. ती बाभळीची फांदीही मीच ओढून आणली. आता जरा बोलायचं थांबतो... माझा व्हॉल्व काढला, की फार... वेळ नसतो...

हां... वास येतोय ना... तोंड फिरवा... एवढी... ओली करतो...

...

झालं. दाबून बघा. दगडासारखं आहे.

राव, हा वारा किती गार आहे. नदीच्या पाण्याचासुद्धा वास येतोय. आठ वर्षांत आला नव्हता.

तुम्ही असे छातीला हात लावून उभे राहू नका, त्यानं काही होत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी सांगून दिलं. माझा चांगुलपणा एवढाच, आणि त्याचीही मला किळस येते. सावकाश जा. नळी काढून बघायच्या फंदात पडू नका.

एक सांगायचं राहिलं. ते चार खड्डे म्हणजे दातांच्या खुणा आहेत. मी ती नळी कधी चावली नाही. कोंडीरामाच्या तोंडात तर दातच नव्हता. खुणा अगदी लहान आहेत, दुधाच्या दातांच्या असाव्यात. मघाशी चढवण्याआधी उजेडात धरून मोजल्या.

आता सहा आहेत.